काचेचे मणी घरी करायचेत, कुठली पद्धत धरू? टॉर्च, भट्टी की बाटल्यांचा चुरा (नाशिक, फ्लॅटमध्ये राहते)

मणीमाळ_इंदिरानगर

नमस्कार मंडळी, जाम गोंधळ झालाय म्हणून विचारते. मी टेराकोटा आणि धाग्याची ज्वेलरी करते, गंगापूर रोड कॉलेज रोडच्या बाजूला जी प्रदर्शनं भरतात तिथं संक्रांतीआधी, दिवाळीआधी स्टॉल लावते. मातीचं काम माझं पण काचेचे मणी सगळे विकतचे, मेन रोडवरून नाहीतर मुंबईहून किलोवर आणते, आणि हल्ली शेजारच्या स्टॉलवर सेम टू सेम तेच मणी असतात, मग गिऱ्हाईक सरळ भाव पाडतं, त्याचं तरी काय चुकलं. म्हणून डोक्यात आलंय की काचेचे मणी आपणच करावेत.

यूट्यूब बघून तर अजूनच वाट लागली. एक बाई सळईवर काच गुंडाळते, दुसरी काचेच्या चौकोनी तुकड्यांची चळत भट्टीत ठेवून वितळवते, आफ्रिकेतला एक माणूस बाटल्या कुटून साच्यात भरतो, आणि प्रत्येक जण म्हणतो हीच सगळ्यात सोपी.

माझी परिस्थिती अशी: तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, छोटी बाल्कनी. मखमलाबाद रोडला मैत्रिणीचा पॉटरी स्टुडिओ आहे, तिची इलेक्ट्रिक भट्टी अधूनमधून वापरू देईल म्हणते. बजेट सगळं मिळून चाळीस पन्नास हजार, त्याच्या वर घरात बोलणी खावी लागतील. दिरांचं हॉटेल आहे, वाईनच्या रिकाम्या बाटल्या पोत्यानं मिळतात, आणि आपल्या नाशकात त्याला काय तोटा म्हणा. स्वयंपाकाच्या गॅसवर टॉर्च चालतो का? आणि बायका सारख्या विचारतात मंगळसूत्रासाठी हाताने केलेले काळे मणी मिळतील का, ते जमतील का?

टॉर्चवाली

ताई आधीच सांगते, मी टॉर्चवर काम करते त्यामुळे माझं झुकतं माप तिकडंच असणार, तेवढं वजा करून वाचा.

तुम्ही सळईवर काच गुंडाळणारी बाई बघितली ते लॅम्पवर्क. पूर्वी तेलाच्या दिव्याच्या ज्योतीत फुंकर मारून हे करायचे म्हणून ते नाव. आता गॅस आणि ऑक्सिजनचा टॉर्च टेबलाला फिट करतात, तो हलत नाही, आपले दोन्ही हात हलतात. एका हातात काचेची कांडी, दुसऱ्या हातात मँड्रेल म्हणजे स्टेनलेसची बारीक सळी, १.६ किंवा २.४ मिमीची, टिग वेल्डिंगची सळी कापून घेतली तरी चालते. तिच्या टोकाला बीड रिलीजचा लेप लावायचा, पांढरी माती अ‍ॅल्युमिना वगैरेचा दाटसर घोळ असतो, तो पूर्ण वाळू द्यायचा. हा लेप नसेल तर काच सळईला अशी धरते की मणी फोडूनच काढावा लागतो.

आता काच तापवताना घाई नको. कांडी एकदम ज्योतीच्या पोटात घातली तर टोक तडकून तुकडे उडतात, म्हणून आधी ज्योतीच्या लांबच्या टोकात पुढेमागे करायची, मग हळूहळू आत. टोकाला गोळा जमतो, मधासारखा ओघळायला लागतो. तोवर मँड्रेल ज्योतीच्या जरा खाली धरून लेप मंद लाल होईपर्यंत तापवायचा, गार लेपावर काच टेकवली तर ती धरत नाही नाहीतर लेपच उचकटतो. मग गोळा टेकवायचा आणि मँड्रेल आपल्यापासून लांबच्या दिशेला फिरवत राहायचं, काच आपसूक गुंडाळली जाते. गोल तुम्ही करत नाही, गोल काच स्वतः होते, फक्त सगळीकडून सारखी तापली पाहिजे आणि फिरवणं थांबता कामा नये. थांबलात की लोंबलीच खाली.

चांगला मणी ओळखायचा त्याच्या टोकांवरून. भोकाच्या तोंडाशी काच आत वळलेली पाहिजे, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागली पाहिजे. टोक धारदार राहिलं तर तो मणी दिसायला कितीही भारी असला तरी ओवलेला धागा कापतो आणि माळ भर कार्यक्रमात तुटते. नवशिक्यांची टोकं बहुतेक वेळा अशीच राहतात कारण पहिल्या वेढ्यातच काच कमी घेतलेली असते आणि तिची सळईवरची रुंदी जास्त झालेली असते. मग वरून काच चढवायची, टोकं आपोआप आत येतात.

नक्षीचं म्हणाल तर त्याला अंत नाही. काचेचा बारीक दोरा ओढून ठेवायचा, स्ट्रिंगर म्हणतात, त्याने ठिपके द्यायचे, ठिपक्यावर ठिपका दिला की डोळा होतो. रेघा देऊन सुईने ओढल्या की पिसासारखी नक्षी येते. वरून पारदर्शक काचेचा थर दिला की आतलं भिंगाखाली ठेवल्यागत मोठं दिसतं. चांदीचा वर्ख गुंडाळता येतो. आणि रंगांची आपसात रिअ‍ॅक्शन होते ही गंमत वेगळीच, हस्तिदंती रंगाच्या काचेवर फिरोजी ठेवली की कडेनं काळपट रेघ उमटते, ती कुणी काढलेली नसते, तांबं आणि गंधक यांचं आतल्या आत चाललेलं असतं. तुमच्या काळ्याबद्दल पण एक सांगते, लॅम्पवर्कची नेहमीची काळी काच दोरा ओढून उजेडात धरा, जांभळी दिसेल. जाड असते म्हणून काळी वाटते, इतकंच.

एक चष्मा मात्र लागतोच, डिडिमियमचा. सोडा काच तापली की पिवळीजर्द ज्योत उठते आणि तिच्यापलीकडचं काही दिसत नाही, त्या चष्म्यातून तो पिवळा उजेड गाळला जातो. साध्या गॉगलने होत नाही.

मणी झाला की भट्टीत ठेवायचा, गार झाल्यावर पाण्यात भिजवून सळईवरून फिरवून काढायचा, भोकातला लेप पाण्याखालीच घासायचा, कोरडा घासला तर ती पूड छातीत जाते.

सातपूरचे_काका

टॉर्चवालीने मणी झकास सांगितला पण "भट्टीत ठेवायचा" हे चार शब्दांत निपटवलं, खरी मेख तिथंच आहे. मी आयुष्यभर हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांवर काढलं, काच माझा धंदा नाही पण ताप तोच.

मणी ज्योतीबाहेर आला की बाहेरचं कवच पटकन आवळतं, आतला गाभा अजून मऊ असतो, मग आतला नंतर आवळायला बघतो आणि बाहेरचा त्याला आवळू देत नाही. ही ओढाताण काचेत तशीच गोठते. मणी बघायला एकदम ओके, विकला जातो, आणि आठ दिवसांनी कुणाच्या तरी गळ्यात उगाच दोन तुकडे होतात. त्यावर उपाय अ‍ॅनीलिंग. टॉर्चवर जी मऊ सोडा काच वापरतात तिला साधारण ५२० डिग्रीला धरायचं, छोट्या मण्याला अर्धा तास, मोठ्याला तास किंवा जास्त, मग अगदी हळूहळू ३७० पर्यंत उतरवायचं, तासाला पन्नास साठ डिग्री या हिशोबाने, त्याच्या खाली भट्टी बंद करून दार न उघडता सोडून द्यायची. बोरोसिलिकेट म्हणजे लॅबमधल्या काचेला ५६५ च्या आसपास.

यूट्यूबवर व्हर्मिक्युलाइटच्या (ताप धरून ठेवणारी हलकी खनिज भुकटी) डब्यात नाहीतर ब्लँकेटच्या घडीत मणी खुपसतात, ते अ‍ॅनीलिंग नव्हे. त्याने मणी लगेच तडकत नाही एवढंच. सराव करायला ठीक, विकायचे असतील तर नंतर सगळे एकदम भट्टीत घालून पुन्हा चढवून उतरवा, तेही चालतं.

भट्टी बाहेरून मागवायची गरज नाही. सिरॅमिक फायबर ब्लँकेट किंवा हलक्या विटा, कँथलची कॉइल म्हणजे तापणारी तार, के टाइप थर्मोकपल म्हणजे ताप मोजणारी सळी आणि रॅम्प सोक असलेला, म्हणजे ठरवलेल्या वेगाने चढवून धरून ठेवणारा कंट्रोलर, अंबडला नाहीतर सातपूरला हे करून देणारे भेटतील. पैसे वाचवायचे तर डब्यात वाचवा, कंट्रोलरमध्ये नको.

दुसरी गोष्ट काचेची जात. काच तापली की किती फुगते त्याचा आकडा असतो, सीओई म्हणतात. लॅम्पवर्कची इटालियन मऊ काच १०४, फ्यूजिंगवाल्यांची म्हणजे तुकड्यांची चळत भट्टीत वितळवतात त्यांची ९० नाहीतर ९६, बोरो ३३. १०४ वर ९० चा ठिपका दिला तर गार होताना दोघांचं जमत नाही आणि मणी फुटणारच, अ‍ॅनीलिंग कितीही करा. फिरोजाबादहून सुट्या कांड्या आणल्या तर त्यावर आकडा लिहिलेला नसतो. मग अशी टेस्ट करा: दोन काचा शेजारी शेजारी चिकटवून तापवा आणि दोन्हींचा मिळून एक लांब दोरा ओढा. गार झाल्यावर दोरा सरळ राहिला तर जमतंय, धनुष्यागत वाकला तर त्या दोघींना एकत्र आणू नका.

आणि ताण राहिलाय का बघायला लॅपटॉपची पांढरी स्क्रीन लावा, पोलराइज्ड गॉगल तिच्यापुढे असा फिरवा की स्क्रीन काळी दिसेल, मग पारदर्शक मणी दोघांच्या मधे धरा. सगळं काळंच दिसलं तर ठीक, मण्यात उजळ डाग चमकले तर ताण आहे. फुकटातली टेस्ट आहे, कुणी करत नाही.

आता गॅस. १४.२ किलोचा घरचा सिलेंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे, तो विषयच सोडा. १९ किलोचा कमर्शियल किंवा बाजारात मिळतो तो ५ किलोवाला घ्या. पण फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, बंद बाल्कनीत मी तरी नको म्हणेन. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की वर उडून जात नाही, जमिनीलगत साचत साचत खालच्या मजल्याकडं जातो. ऑक्सिजनसाठी कोविडनंतर सेकंडहँड कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) बरेच फिरतायत, छोट्या टॉर्चला ५ किंवा १० लिटरचा पुरतो, पण त्याच्या नळीला, जोडाला तेल ग्रीस अजिबात लागू द्यायचं नाही. दोन्ही लाइनला फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलटी नळीत शिरू न देणारा जोड. हे नसेल तर मणी विकत आणा, बरं पडेल.

मणीमाळ_इंदिरानगर

काका तुम्ही तर घाबरवलंत की. पण बरं झालं, सोसायटीत कळलं असतं तर सेक्रेटरीनेच भट्टीत घातलं असतं मला 😄 म्हणजे टॉर्च घरी नाही. मग बाटल्यांचं खरंच होतं का काही, की नुसतं व्हिडिओपुरतं?

बाटली_कुटे

होतं की, आणि तुमच्याकडं भट्टी फुकट, बाटल्या फुकट, अजून काय पाहिजे. टॉर्चवाल्यांना हे काम जरा कमअस्सल वाटतं, वाटू दे.

तुम्ही बघितलेला माणूस बहुतेक घानाचा असणार. तिथले क्रोबो लोक पिढ्यानपिढ्या हे करतात. बाटल्या कुटून बारीक चुरा, मातीचे साचे, साच्यात खळगे, खळग्यांना आतून पांढऱ्या मातीचा हात म्हणजे काच चिकटत नाही. भोकासाठी प्रत्येक खळग्यात मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात, कसावा म्हणजे ज्याच्या कंदाचा आपण साबुदाणा खातो तेच झाड. भोवती चुरा भरतात, रंगाचे थर देतात, भट्टीत देठ जळून जातो आणि भोक राहतं. पारदर्शक मणी करतात त्यांची रीत वेगळी, चुऱ्याऐवजी बाटलीचे तुकडेच साच्यात घालतात आणि गरम असतानाच सुईसारख्या हत्याराने भोक पाडून मणी साच्यातल्या साच्यात फिरवून गोल करतात.

आपल्याकडं कसाव्याचा देठ कुठून आणणार, मी उदबत्तीची काडी वापरतो, मसाला नसलेली कोरी काडी मिळते ती. उरलेली राख नंतर तारेने साफ करायची. काडी नको असेल तर टॉर्चवालीची लेप लावलेली सळीच साच्यात उभी करा, भोक एकदम सरळ येतं.

चुऱ्याचं नीट ऐका. बाटली धुवा, लेबलचा डिंक राहिला तर काळं येतं. फोडताना पोत्यात गुंडाळून फोडा. तुकडे भट्टीत तापवून गार पाण्याच्या बादलीत टाकले की आतून तडकतात, मग कुटायला सोपे जातात, हे करताना चेहऱ्याला शील्ड आणि हातात जाड ग्लोव्ह्ज. लोखंडी खलबत्त्यात कुटा, चाळा, आणि मग चुऱ्यातून लोहचुंबक फिरवा, खलबत्त्याचा कीस निघतो, तो राहिला तर मण्यावर तपकिरी काळे ठिपके पडतात. मास्क घालूनच, आणि चुरा थोडा ओला ठेवा म्हणजे उडत नाही.

रंगाची एक गंमत आहे, हिरव्या बाटलीचा चुरा भाजला की तो हिरवा येत नाही, फिकट पिस्ता येतो, कारण चुऱ्याच्या कणांमधे हवा अडकते आणि मणी दुधी होतो. चुरा जितका बारीक तितका मणी फिका आणि अपारदर्शक, जाडसर ठेवला तर बाटलीच्या रंगाच्या जवळ जातो. लोकांना हा पिस्ता फार आवडतो, विकताना "वाईनच्या बाटलीचा आहे" म्हटलं की निम्मं काम झालं, नाशिकमध्ये तर झालंच.

काका म्हणतात ते सीओईचं इथंही आहे. सगळ्या बाटल्या सोडा काचच, पण दोन वेगळ्या बाटल्या एकमेकींशी जमतीलच असं नाही. एका मण्यात एकाच बाटलीचा चुरा, रंग पाहिजे तर सिरॅमिकचे रंग त्याच चुऱ्यात कालवा.

तापमान, माझं ८०० च्या आसपास बसतं, प्रत्येक भट्टी वेगळी त्यामुळे आधी छोटी ट्रायल घ्या. कमी पडलं तर साखरेच्या कणीसारखा खरखरीत राहतो, जास्त झालं तर सपाट होऊन भोक बुजतं. आणि ७०० ते ७६० च्या पट्ट्यात भट्टीला रेंगाळू देऊ नका, चढताना आणि उतरतानाही, बाटलीच्या काचेवर तिथं पांढुरकी साय धरते. उतरताना ५५० च्या आसपास तासभर थांबा, मग हळू. नंतर मणी दगडावर पाणी आणि वाळूने घासायचे, क्रोबोही तसंच करतात.

टॉर्चवाली

कमअस्सल कोण म्हणालं हो 😀 पण साच्यातला मणी आणि हाताने गुंडाळलेला मणी यात फरक आहेच. एवढं मान्य, की फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला पहिलं पाऊल म्हणून हे बरं. आणि काचेच्या तुकड्यांची चळत विचारलेली त्याचं राहिलंच, ते फ्यूजिंग. एकाच सीओईच्या पट्ट्या एकावर एक, मधे सिरॅमिक फायबर पेपरची (भट्टीत न जळणारा कागद) बारीक पट्टी सरकवायची, ८०० च्या आसपास सगळं एक होतं आणि पेपर ओला करून काढून टाकला की भोक. सोपं आहे, पण सगळे मणी चपटे उशीसारखे येतात आणि पत्र्यासारखी सपाट रंगीत काच बाहेरून मागवावी लागते, महाग पडते. खिडकीची काच चालते पण रंग कुठून आणणार.

खापरवेडा

चर्चा भारी चाललीय म्हणून मधे घुसतो. तुम्ही सगळे वेगवेगळ्या पद्धती सांगताय पण मला विचाराल तर फरक एकच आहे, भोक कुठून आलं. गुंडाळलेल्या मण्यात भोक सळईचं, साच्यातल्या मण्यात जळालेल्या काडीचं, फ्यूजिंगमधे कागदाचं. आणि एक पद्धत अशी आहे जी कुणीच सांगितली नाही, जिच्यात भोक आधी आणि मणी नंतर. ती आपली, म्हणजे भारताची.

ओढलेला मणी म्हणतात त्याला. भट्टीतून काचेचा मोठा गोळा घ्यायचा, त्यात पोकळी ठेवायची आणि तो ओढत न्यायचा, ओढला की पोकळीही त्याच्याबरोबर लांबत जाते, बोटभर जाडीचं भोक केसाएवढं होतं पण बुजत नाही. हाती येते काचेची लांबच लांब नळी. ती कापून बारीक तुकडे करायचे, तुकड्यांची टोकं धारदार असतात म्हणून ते राखेत घोळून पुन्हा तापवत हलवायचे, राख भोकात बसते त्यामुळे भोक मिटत नाही आणि कडा मात्र गोल होतात. मग चाळणीने साइज वेगळे. एका नळीत शेकडो मणी, म्हणून बारीक मणी स्वस्त झाले.

तिरुपतीला जाताना रेणीगुंटा लागतं ना, त्याच्या जवळच पापानायडूपेट नावाचं गाव आहे. तिथं लाडा नावाच्या पोकळ लोखंडी नळीवर काच घेऊन पलीकडचा माणूस आकड्याने ती ओढत नेतो ही रीत विसाव्या शतकाच्या शेवटीही चालू असताना संशोधकांनी बघून लिहून ठेवलीय. पीटर फ्रान्सिस या अमेरिकन अभ्यासकाने या जातीच्या मण्यांना इंडो पॅसिफिक मणी असं नाव दिलं, कारण पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूसारख्या ठिकाणी बनलेले हे इवलेसे मणी पूर्व आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत सापडतात.

आणि आपल्याकडं लांब कशाला जाता, तेर, नेवासा, दोन्हीकडं सातवाहन काळातले काचेचे मणी निघालेत. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन या एकदा. जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ ला खोदकाम केलं, डेक्कन कॉलेजचे हे पुरातत्त्वाचे लोक, मणी बघायची नजर महाराष्ट्राला त्यांच्यामुळे आली असं मी म्हणतो. ओढलेला मणी भिंगाखाली धरलात तर आतले बुडबुडे आणि रेघा भोकाला समांतर लांबट दिसतात, गुंडाळलेल्यात त्या भोकाभोवती फिरतात. जुना मणी कसा केला ते दोन हजार वर्षांनी असं कळतं. तुमच्या स्टॉलवरच्या किलोच्या मण्यांवर पण करून बघा.

भद्रकालीचा_होलसेलवाला

खापरवेडा साहेब मस्त. मी मणी विकणारा माणूस, तुमचं ते बुडबुड्याचं उद्या दुकानात करून बघतो.

ताई तुम्हाला धंद्याचं सांगतो, बाकीचे सांगणार नाहीत. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांच्या नादी लागू नका. तो बारीक मणी एकसारखा असायला लागतो, तो वर सांगितला तसा नळी ओढून कापून होतो, आता तर मशीनवर, तुम्ही एकेक करून त्याचा भाव काढूच शकत नाही. जपानी बारीक मणी तर इतके एकसारखे येतात की सुईलाही कळत नाही की कुठला कुठला. त्या मार्केटमधे हाताच्या कामाला किंमत नाही.

जाड नक्षीचा लॅम्पवर्क मणी आम्ही यूपीतल्या हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरचा विकतो. तिथं घरोघर हेच काम, भट्टीभोवती कारागीर बसतात आणि लोखंडी सळईवर मणी गुंडाळतात. त्यांचा हात बघाल तर तोंडात बोट घालाल, आणि दर बघाल तर रडू येईल. त्यांच्याशी साध्या गोल मण्यात स्पर्धा करायला जाऊ नका, मरून जाल. चेकचे साच्यात दाबलेले फुलं पानं आकाराचे मणी येतात, याब्लोनेत्सच्या बाजूचे, तेही तसंच, तापलेली कांडी चिमट्याच्या साच्यात दाबली की भोकासकट मणी, त्याची नक्कल घरी होत नाही.

मग काय विकतं? एकटा मोठा मणी. पेंडंटला एक, नाहीतर टेराकोटाच्या माळेत मधे एक. कानातल्याची जोडी सुरुवातीला टाळा, दोन मणी हुबेहूब करणं हे एक करण्यापेक्षा कितीतरी अवघड, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच मोजतं. बाटलीचा पिस्ता मणी आणि तुमची भाजकी लाल माती, हे मी स्वतः दुकानात ठेवेन, फोटो टाका झाल्यावर.

टॉर्चवाली

जोडीचं शंभर टक्के खरं. मी काच वजन करून घेते तेव्हा कुठं जोडी जमते.

ताई टॉर्च शिकायचाच असेल कधी तर आधी लॅबची काचेची उपकरणं दुरुस्त करणारा ग्लासब्लोअर शोधा, केमिकल आणि फार्मावाल्यांची कामं करणारे असतात आपल्याकडं. ते बोरोवर काम करतात, मणी करत नाहीत, पण काच ज्योतीत कशी धरायची, कधी बाहेर काढायची हे बघायला त्यांच्याइतकं कुणी नाही. विनंती केली तर बसू देतात. इटलीचं मुरानो वगैरे नंतर. १२९१ ला व्हेनिसने आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या त्या बेटावर हलवल्या असं सांगतात, म्हणजे फ्लॅटमध्ये टॉर्च नको हे व्हेनिसवाल्यांना सातशे वर्षांपूर्वीच कळलं होतं 😄

मणीमाळ_इंदिरानगर

हे भारी होतं 😂 ठरलं मग, मैत्रिणीच्या भट्टीत बाटलीचा चुरा. जोडी नाही, काळे मणी नाहीत, मधला एकच मोठा मणी. साचे मीच मातीचे करते, ते माझं कामच आहे. पण मैत्रीण घाबरलीय, म्हणते काच वितळून माझ्या शेल्फला चिकटली तर? आणि तिचं म्हणणं की तिच्या भांड्यांबरोबरच घालून टाक म्हणजे वीज वाचेल, तसं चालेल का?

बाटली_कुटे

तिची भीती बरोबर आहे. साचे आधी बिस्किट करून (म्हणजे एकदा भाजून) घ्या, कच्च्या साच्यात काच भरू नका. खळग्याला आतून केओलिन आणि अ‍ॅल्युमिना हायड्रेटचा पातळ हात दोनदा, प्रत्येक वेळी वाळवून. तोच हात शेल्फवर पण, आणि साच्याखाली एक जुनी फरशी ठेवा म्हणजे सांडलं तरी फरशीवर सांडेल. दर फायरिंगनंतर जुना हात खरवडून नवा लावायचा, नाहीतर तो मण्याला चिकटून पांढरं पांढरं दिसतं. खळगा काठोकाठ भरला तरी चालतो, चुरा खाली बसतोच.

भांड्यांबरोबर मात्र अजिबात नाही. तिचं बिस्किटच हजारच्या आसपास असेल, ग्लेझ त्याच्याही वर, तुमचे मणी साच्यातून बाहेर वाहत येतील.

सातपूरचे_काका

आणि तिच्या भट्टीचं थर्मोकपल कुठं लावलंय ते बघून घ्या. बहुतेक वर किंवा मागे असतं, तुमचे साचे खाली असतील तर काट्यावर ८०० दिसलं तरी खाली तीस चाळीस डिग्री कमी असू शकतं. पहिल्या वेळी वरच्या, मधल्या, खालच्या शेल्फवर एकेक साचा ठेवा आणि काय कसं आलं ते वहीत लिहा. वीज वाचवायची तर साचे जास्त करून एकदम भट्टी भरा.